तुपाखाली वाढलेली लस आणि बीडचा प्लेग

१९९४च्या ऑगस्टमध्ये बीड जिल्ह्यातल्या मामला गावात आधी पिसवांचा सुळसुळाट झाला, मग लोकांना ताप येऊन जांघेत, काखेत गाठी दिसू लागल्या. त्याच्या आदल्याच वर्षी, ३० सप्टेंबर १९९३ला, किल्लारीच्या भूकंपात लातूर-उस्मानाबादकडची माळवदाची घरं कोसळली होती. ओस पडलेल्या घरांतल्या धान्यावर उंदीर माजले, असं एक स्पष्टीकरण तेव्हा मांडलं गेलं. गाठीच्या प्लेगची लस तर मुंबईत जवळजवळ शंभर वर्षांपूर्वीच तयार झाली होती. मग बीडमध्ये भर लसीवर का नव्हता? याचं उत्तर ती लस कशी बनते, यातच सापडतं.

ती बनवणारे वाल्देमार हाफकिन १८६०मध्ये ओडेसात जन्मले. पॅरिसच्या पाश्चर संस्थेत त्यांनी कॉलऱ्याची लस तयार केली, १८९२मध्ये ती स्वतःला टोचून पाहिली आणि पुढच्या वर्षी ते भारतात आले. १८९६च्या ऑक्टोबरात ते प्लेगने ग्रासलेल्या मुंबईत पोहोचले. ग्रँट मेडिकल कॉलेजमधली एक खोली आणि तिच्याबाहेरचा व्हरांडा, एवढीच त्यांची प्रयोगशाळा होती.

मांसाचा गाळलेला रस चंबूत घेऊन ते त्यावर तुपाचे किंवा खोबरेल तेलाचे थेंब तरंगत ठेवत. प्लेगचे जंतू या थेंबांना धरून वाढतात आणि गुहेच्या छताला लोंबणाऱ्या चुन्याच्या खांबांसारखे खाली उतरतात. चंबूला जरा धक्का लागला तरी ते तुटून तळाशी बसतात, म्हणून तो अगदी स्थिर ठेवावा लागे. काही दिवसांनी मुद्दाम हलवून वाढ खाली पाडायची, की थेंबांखाली नवी वाढ धरते. असं पाच-सहा आठवडे चाले. या लोंबत्या वाढीवरून चंबूत प्लेगचेच जंतू आहेत हेही ताडता येई.

त्यानंतर साधारण ६५ ते ७० अंश सेल्सिअसला तासभर तापवून जंतू मारायचे आणि थोडं कार्बोलिक आम्ल घालायचं. उष्णता कमी पडली तर जंतू जिवंत राहतात, जास्त झाली तर शरीराने ओळखायची प्रथिनंच बिघडतात. १० जानेवारी १८९७ला हाफकिन यांनी १० मिलिलिटर लस स्वतःला टोचून घेतली. ताप आला, पण ते बरे झाले. मग भायखळ्याच्या तुरुंगात स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांना ती दिली गेली.

१९०२मध्ये पंजाबात मुल्कोवाल इथे एकाच बाटलीतून लस घेतलेले १९ जण धनुर्वाताने दगावले. दोष हाफकिन यांच्यावर आला आणि तो पुसला जायला पाच वर्षं लागली. इतर बाटल्यांतून लस घेतलेल्यांना काही झालं नव्हतं. चिमटा जमिनीवर पडला आणि नीट निर्जंतुक न करता त्यानेच बाटलीचं बूच उघडलं, असं पुराव्यांवरून दिसत होतं. धनुर्वाताचे बीजाणू मातीतच असतात. आजही उपकेंद्रात सलाईनमध्ये मिसळलेली क्षयरोगाची बीसीजी लस चार तासांनंतर टाकून देतात, त्यामागेही उघड्या कुपीत जंतू शिरण्याची हीच धास्ती आहे. हा नियम कोणीही सैल करू नये.

आता बीडकडे येऊ. मेलेल्या जंतूंच्या लसीने प्रतिकारशक्ती यायला वेळ लागतो, ती फार काळ टिकत नाही आणि फुप्फुसाच्या प्लेगपुढे तिचा भरवसा नाही. प्लेगची लक्षणं मात्र सहसा २ ते ६ दिवसांतच दिसतात. म्हणून गावात साथ शिरल्यावर लस कामाची नाही, प्रतिजैविकं कामाची.

आणि पिसवा. इथे क्रम चुकला की घात होतो. उंदीर आधी मारले तर थंड पडलेल्या उंदरावरच्या उपाशी पिसवा माणसाकडे वळतात. म्हणून आधी बिळांत, बळदाच्या (धान्य साठवायच्या जागेच्या) कडेला, धान्याला न लागेल अशी कीटकनाशक पावडर मारायची, पिसवा कमी झाल्याची खात्री करायची आणि मगच उंदरांना विषारी आमिष घालायचं. गावात एकाएकी उंदीर पडू लागले तर त्यांना उघड्या हातांनी उचलू नये, प्राथमिक आरोग्य केंद्राला कळवावं. गाठ आलेल्या माणसाची गाठ घरी फोडू नये. डॉक्टर तीतून सुईने नमुना घेतात आणि तपासणीचा निकाल येण्याची वाट न पाहता स्ट्रेप्टोमायसिन किंवा डॉक्सिसायक्लिनसारखं औषध सुरू करतात.