कोकमाची लाली आणि कोकमाचं तेल

‘बेरी एक्स्ट्रॅक्ट’ असं ठळक छापलेली क्रीम्स आता गल्लीतल्या मेडिकलमध्येही मिळतात. ब्लूबेरी, क्रॅनबेरी यांच्या रांगेत आपलं कोकमही येऊन बसलंय. वनस्पतिशास्त्राच्या व्याख्येनुसार कोकम बेरीच आहे, तेव्हा नावाबद्दल तक्रार नाही. तक्रार आहे ती जाहिरातीतल्या त्या लालचुटूक थेंबाबद्दल.

कोकमाचा लाल रंग अँथोसायनिन या गटातल्या रंगद्रव्यांचा. हे रेणू मोठे विलक्षण आहेत. वाटीभर पाण्यात चमचाभर आगळ, म्हणजे कोकमाचा मीठ घातलेला दाट रस, घाला आणि चिमूटचिमूट खायचा सोडा टाकत जा. आधी फसफसेल, मग लाली ओसरेल आणि पाण्याला निळसर-काळपट झाक येईल. लगेच लिंबू पिळलंत तर लाली बऱ्यापैकी परतते. आगळ खूप आंबट, त्याचा सामू (पीएच; जितका कमी तितकं आम्ल जास्त) ३ च्या खाली. इतक्या आम्लात हा रेणू धनभारित असतो. त्याच्या कड्यांमध्ये एकाआड एक दुहेरी बंधांची सलग साखळी असते. ती साखळी हिरवा-निळा प्रकाश शोषते, म्हणून उरलेला लाल आपल्याला दिसतो. सामू ४-५ पर्यंत चढला की पाण्याचा एक रेणू मधल्या कड्यातल्या एका कार्बनला येऊन चिकटतो. बस्स, साखळी तिथे तुटते आणि रेणू रंगहीन होतो! सामू आणखी वाढला की रेणूतले प्रोटॉन सुटतात आणि निळसर रूप तयार होतं.

आता त्वचेचा सामू साधारण ५, आणि चेहऱ्याची बहुतेक क्रीम्सही ५-६ च्या आसपास बेतलेली. म्हणजे ही लाली जिथे टिकत नाही नेमकी तीच जागा. बेरीचं क्रीम छान गुलाबी दिसत असेल, तर घटकांच्या यादीत शेवटी ‘सीआय’ आणि पुढे पाच आकडे आहेत का ते पाहा. तो वेगळा घातलेला रंग असतो.

रंग गेला तरी अँटिऑक्सिडंट गुण असतील ना? परीक्षानळीत ते दिसतातही. पण त्वचेचा सर्वात वरचा थर मृत पेशींचा, आणि त्या पेशींच्या मधल्या फटी स्निग्ध पदार्थांनी लिंपलेल्या. साधारण ५०० डाल्टनपेक्षा (डाल्टन म्हणजे रेणूचं वजन मोजायचं एकक) जड रेणू तिथून सहसा आत जात नाहीत. कोकमातल्या दोन मुख्य अँथोसायनिनांपैकी एक सुमारे ४४९ डाल्टनचं, दुसरं ५८१ चं. हलकं आहे तेही पाण्यात रमणारं, स्निग्ध फटीतून जायला नाखूश.

‘नैसर्गिक आहे, अपाय कसा होईल?’ हा युक्तिवाद मला अजिबात पटत नाही. बिब्बाही झाडावरच येतो, आणि त्याचं तेल अंगाला लागलं की फोड येतात. तरी दुखण्यावर बिब्बा लावून कातडी भाजून घेणारे आजही आहेत.

कोकमातलं त्वचेच्या खरं उपयोगाचं द्रव्य बियांत आहे. आमसुलं करताना बिया बाजूला पडतात. त्या वाळवून, कुटून पाण्यात उकळतात आणि वर तरंगणारं तेल काढून घेतात. गार झालं की ते पांढरट, घट्ट होतं; बाजारात त्याचे अंड्याएवढे गोळे मिळतात. त्यात स्टिअरिक आम्लाचं प्रमाण निम्म्याच्या वर, उरलेल्यात मुख्यतः ओलेइक. म्हणून ते ३८-४० अंशांच्या आसपास वितळतं आणि कोकणच्या उन्हाळ्यातही सहसा घट्ट राहतं. टाचेवर चोळलं की मऊ होऊन त्याचा पातळ थर बसतो. तळपायाला तैलग्रंथी नसतातच, त्यामुळे तिथलं पाणी उडून जातं. मृत पेशींना धरून ठेवणारे दुवे कापणाऱ्या विकरांना (एन्झाइम्सना) काम करायला पाणी लागतं. ते नसलं की पेशी झडत नाहीत, थर जाड आणि ताठ होतो आणि चालताना चिरतो. तेलाचा थर पाणी अडवून धरतो, विकरं पुन्हा कामाला लागतात. त्यासाठी त्या तेलाला त्वचेत खोल शिरावंही लागत नाही.