माफक किमतीच्या एअरसॉफ्ट स्नायपर रायफलमधील सुधारणा : ग्राहकांसाठी माहितीपत्रक

ब्रिटनमध्ये एअरसॉफ्ट, म्हणजे प्लास्टिकचे छर्रे मारणाऱ्या नकली बंदुकांचा मैदानी खेळ, खेळणाऱ्या आमच्या मराठी ग्राहकांसाठी हे पत्रक तयार केले आहे. जेजी बार-१०, सायमा सीएम ७०१ किंवा वेल एमबी ०१ यांसारखी माफक किमतीची बोल्ट ओढून चालवायची रायफल आपण घेतली असेल आणि तिचा मारा अधिक लांब व अचूक व्हावा अशी आपली इच्छा असेल, तर कोणताही सुटा भाग मागवण्यापूर्वी हे पत्रक एकदा शांतपणे वाचावे, अशी विनंती आहे. आमच्याकडे येणारे बहुतेक ग्राहक सर्वप्रथम जास्त ताकदीची स्प्रिंग मागतात. ती आम्ही बसवून देतो, पण सर्वांत शेवटी. आणि अनेकदा तोवर तिची गरज उरलेली नसते.

याचे कारण छर्रा कसा उडतो यात आहे. एअरसॉफ्टचा छर्रा साधारण ५.९५ मिलिमीटर व्यासाचा, प्लास्टिकचा आणि वजनाने हलका असतो, त्यामुळे हवेचा अवरोध त्याचा वेग फार लवकर खातो. नळीच्या सुरुवातीला वरच्या बाजूने किंचित खाली आलेले हॉप-अपचे रबर त्याला मागच्या दिशेने फिरकी देते, त्या फिरकीमुळे त्याला वर उचलणारा जोर मिळतो आणि तो बराच काळ सरळ रेषेत जात राहतो. म्हणजेच पल्ला ठरतो तो मुख्यतः फिरकीवर आणि छर्ऱ्याच्या वजनावर. स्प्रिंग दुप्पट ताठ केली आणि फिरकी मात्र प्रत्येक वेळी निराळी मिळत राहिली, तर छर्रा केवळ अधिक वेगाने भलतीकडे जातो.

म्हणून पहिला खर्च छर्ऱ्यांवर करावा. रायफलसोबत मिळणारे ०.२० ग्रॅमचे छर्रे वेग मोजण्यापुरते ठीक आहेत, खेळासाठी ०.४० ते ०.४५ ग्रॅमचे, गुळगुळीत आणि जोडाची रेघ न दिसणारे छर्रे घ्यावेत. समान ऊर्जेवर जड छर्ऱ्याचा वेग कमी असतो, पण तो वाऱ्याला कमी बधतो आणि वेग टिकवून धरतो. इथली बरीच मैदाने केवळ जैवविघटनशील छर्रे वापरू देतात. ते ओल धरतात, तेव्हा उघडलेली पिशवी घट्ट बंद करून कोरड्या जागी ठेवावी.

त्यानंतर नळी स्वच्छ करावी. नव्या रायफलच्या नळीत कारखान्यातले तेल बहुधा तसेच राहिलेले असते आणि ते हॉप-अपच्या रबरावर चढले की फिरकी बिघडते. आयसोप्रोपिल अल्कोहोलात भिजवलेला कापडाचा तुकडा सफाईच्या काडीला लावून नळीतून फिरवावा आणि तो पांढरा निघेपर्यंत हे पुन्हा करावे. सिलिकॉन तेलाचा फवारा नळीत मारू नये. नवी रायफल नीट मारत नाही म्हणून आमच्याकडे येणाऱ्या काही ग्राहकांचे काम एवढ्यावरच भागते आणि आम्ही त्यांना आनंदाने परत पाठवतो.

आता हॉप-अपविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण स्वस्त आणि महागड्या रायफलींमधला खरा फरक आमच्या मते इथेच आहे. स्वस्त रायफलमधले रबर बहुधा कडक असते आणि त्याला वरून दाबणारा छोटा तुकडा छर्ऱ्याला एका टिंबाएवढ्याच जागी टेकतो. दाबणारा भाग सपाट असलेले, छर्ऱ्याला अधिक लांबीवर धरणारे रबर बसवले की जड छर्ऱ्यालाही पुरेशी फिरकी मिळते. रबराची कडकपणाची श्रेणी ५०, ६० किंवा ७० अंश अशी लिहिलेली असते. आमच्या रायफलींना आम्ही सहसा ६० अंशांचे बसवतो. ज्यांना मुख्यतः हिवाळ्यात खेळायचे असते त्यांना मात्र आम्ही ५० अंशांचे सुचवतो, कारण थंडीत रबर आणखी ताठ होते.

छर्रे सतत एकाच बाजूला, समजा डावीकडे, वळत असतील तर दोष दुर्बिणीचा समजू नये. हॉप-अपचा कप्पा उघडून उजेडाकडे धरावा आणि नळीच्या मागच्या टोकातून आत पाहावे. रबराची उंचवट्याची कड वरच्या बाजूला आडवी व सरळ दिसली पाहिजे. ती एका अंगाला झुकलेली असेल तर छर्ऱ्याची फिरकी तिरकी होते आणि तो त्या अंगाला ओढला जातो. रबर काढून, नळीवरील खाचेशी नेमके जुळवून पुन्हा बसवले की हा दोष जातो. रबराला वरून दाबणारी पट्टी कप्प्यात सैल हलत असेल तर तिच्या दोन्ही बाजूंना पातळ चिकटपट्टीचा एकेक तुकडा लावून ती स्थिर करता येते.

आतली नळी बाहेरच्या नळीत हलते का, हेही याच वेळी पाहावे. तोंडाशी बोटाने दाबल्यावर ती डुगडुगत असेल तर प्रत्येक बारासोबत ती थोडी वेगळ्या जागी बसते आणि दुर्बीण कितीही चांगली असली तरी निशाणा टिकत नाही. आतल्या नळीवर दोन-तीन ठिकाणी इलेक्ट्रिकची टेप समान जाडीने गुंडाळावी. ती हाताच्या माफक जोराने आत सरकेल इतपतच जाड असावी, कारण ठोकून बसवलेली नळी वाकते. ६.०३ मिलिमीटरची अरुंद नळी घेणे ही पुढची पायरी आहे. त्याहून अरुंद, ६.०१ मिलिमीटरची नळी आम्ही नवशिक्यांना देत नाही. ती जराशा कचऱ्यानेही अडते आणि तिचा फायदा मैदानात जाणवत नाही.

हवेची गळती तपासण्यासाठी कोणतेही यंत्र लागत नाही. सिलिंडर रायफलमधून बाहेर काढावा, त्यातली स्प्रिंग काढून पिस्टन मागे घ्यावा, मग सिलिंडरच्या पुढच्या छिद्रावर बोट घट्ट धरावे आणि पिस्टन हाताने पुढे ढकलावा. तोंड दाबलेल्या सिरिंजप्रमाणे तो अडला पाहिजे. तो सुळकन पुढे गेला तर पिस्टनवरची रबरी कडी, म्हणजे ओ-रिंग, बारीक आहे किंवा कोरडी पडली आहे. ओ-रिंग बदलावी, अथवा तिच्या खाचेत टेफ्लॉन टेपचे एक-दोन वेढे देऊन तिला किंचित उचलावे आणि वर सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात द्यावा. गळती थांबली की आहे त्याच स्प्रिंगवर वेग वाढतो, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे तो प्रत्येक बाराला सारखा राहतो. आम्ही दहा बार मोजून सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी वेगातला फरक पाहतो. तो सेकंदाला पाच फुटांच्या आसपास आला की आम्ही काम पूर्ण झाले असे समजतो.

आता स्प्रिंगकडे येऊ. टोकियो मारुई या जपानी कंपनीची व्हीएसआर-१० ही मूळ रायफल जपानसाठी घडवलेली आहे, जिथे अशा बंदुकीच्या ऊर्जेची कायदेशीर मर्यादा ०.९८ ज्यूल आहे. तिच्या चापाच्या आतला, पिस्टनला मागे धरून ठेवणारा खटका ४५ अंशांच्या उतरणीवर टेकतो आणि नरम स्प्रिंगला ते पुरते. बार-१० आणि सीएम ७०१ यांनी हीच घडण उचलली आहे, पण त्यांच्या खटक्याचा धातू बऱ्याचदा ठिसूळ जस्ताचा असतो. त्यावर एम १५० सारखी ताठ स्प्रिंग चढवली की खटक्याची धार झिजते, मग बोल्ट मागे अडकत नाही, आणि पुढे एखाद्या दिवशी चाप न दाबताच बोल्ट बंद करताना बार सुटतो. हा दोष आम्ही अतिशय गंभीर मानतो. म्हणून ९० अंशांचा पोलादी खटका, त्याला जुळणारा पिस्टन आणि पोलादी स्प्रिंग-गाइड (स्प्रिंगला सरळ धरणारा दांडा) हे तिन्ही बसवल्याशिवाय आम्ही ताठ स्प्रिंग लावून देत नाही, ग्राहकाने आग्रह धरला तरीही. वेल एमबी ०१ ची घडण एल ९६ नावाच्या दुसऱ्या रायफलीच्या धर्तीची, म्हणजे वेगळी आहे. व्हीएसआरचे भाग तिला बसत नाहीत, हे मागणी नोंदवताना ध्यानात ठेवावे.

ताकद किती असावी, याचे उत्तर कायद्यात आहे. १९६८ च्या फायरआर्म्स अॅक्टमध्ये २०१७ च्या पोलिसिंग अँड क्राइम अॅक्टने घातलेल्या तरतुदीनुसार एकेक बार सोडणाऱ्या एअरसॉफ्ट बंदुकीची मर्यादा २.५ ज्यूल आहे आणि स्वयंचलित बंदुकीची १.३ ज्यूल. बहुतेक मैदाने बोल्टच्या रायफलला ०.२० ग्रॅमच्या छर्ऱ्यावर सेकंदाला ५०० फूट, म्हणजे सुमारे २.३२ ज्यूल, इतकी मुभा देतात. तेवढ्याच ऊर्जेवर ०.४० ग्रॅमचा छर्रा सुमारे ३५३ फुटांच्या वेगाने निघतो. मात्र सिलिंडरमधली हवा नळीच्या मानाने जास्त असेल तर जड छर्रा अधिक वेळ दाबाखाली राहून अधिक ऊर्जा घेतो, आणि ०.२० ग्रॅमवर मर्यादेत दिसणारी रायफल प्रत्यक्षात मर्यादा ओलांडू शकते. त्यामुळे ज्या वजनाचे छर्रे आपण खेळताना वापरता, त्याच वजनावर आम्ही मोजणी करतो आणि ज्यूलचा आकडा कार्डावर लिहून देतो. उत्तर आयर्लंडचे नियम वेगळे आहेत; तिथे खेळणाऱ्यांनी आम्हाला आधी कळवावे.

या ताकदीच्या रायफलने जवळून बार करायचा नसतो. किमान ३० मीटरचे अंतर राखण्याचा नियम बहुतेक मैदानांवर आहे आणि त्याहून जवळच्या खेळाडूसाठी कमी ताकदीचे पिस्तूल सोबत बाळगावे लागते. छर्रा डोळा निकामी करू शकतो आणि दात तोडू शकतो. डोळ्यांभोवती पूर्ण बसणारा चष्मा आणि तोंडावर जाळीचे आवरण याबाबत आम्ही कोणतीही सूट मानत नाही. घरच्या अंगणात चाचणी घेताना लहान मुले तिथे नसावीत आणि छर्रा कुंपणाबाहेर जाणार नाही याची खात्री असावी.

रायफल आमच्याकडे आणताना ती मगझीन काढून, बंद पिशवीत, गाडीच्या डिकीत ठेवून आणावी. सार्वजनिक जागी योग्य कारणाशिवाय नकली बंदूक बाळगणे हा इथे गुन्हा आहे, आणि दुकानासमोरच्या वाहनतळावर ती उघडून दाखवल्यास वाटसरूंना ती खरी वाटू शकते. अठरा वर्षांखालील व्यक्तीला आम्ही रायफल विकत नाही. पाल्यासाठी काम करून घ्यायचे असल्यास पालकांनी स्वतः यावे. भारतात भेट म्हणून रायफल किंवा सुटे भाग पाठवण्याची विनंती आम्ही स्वीकारत नाही. स्वतः नेण्याचा विचार असेल तर त्याला परवानगी आहे का, हे तिथल्या सीमाशुल्क खात्याकडे आधी लेखी विचारून घ्यावे.

येताना रायफलचे नाव व मॉडेल, आपण वापरत असलेल्या छर्ऱ्यांची पिशवी आणि पूर्वी कोणी काही भाग बदलले असल्यास ते जुने भाग सोबत आणावेत. छर्रे कोणत्या बाजूला जातात आणि साधारण किती मीटरनंतर वळतात हे आपण मैदानात पाहून टिपून ठेवले असेल, तर दोष शोधण्याचे आमचे काम पुष्कळ सोपे होते.