कामगारांना बक्षीस आणि शाबासकी (सोलापूर)

चांगलं काम करणाऱ्याला ठरलेल्या पगाराच्या वर काहीतरी देणं, मग ते पैसे असोत, वस्तू असो, सुट्टी असो नाहीतर चारचौघात घेतलेलं नाव असो, या सगळ्याला मिळून बक्षीस आणि शाबासकी म्हणायचं, एचआरवाले यालाच रिवॉर्ड अँड रेकग्निशन म्हणतात. बक्षिसाला पैसा लागतो. शाबासकीला लागत नाही, पण समोरच्याचं काम नीट बघितलेलं असावं लागतं, आणि बहुतेक ठिकाणी घोडं अडतं ते तिथंच.

सोलापुरात हा विषय एसी ऑफिसपेक्षा पावरलूमच्या शेडमधे, गारमेंटच्या युनिटमधे, बिडीच्या ब्रँचमधे (जिथं कच्चा माल देतात आणि वळलेल्या बिड्या घेतात) आणि दवाखान्यात जास्त येतो. इथं चादर-टॉवेलचे माग आहेत, शाळेचे युनिफॉर्म शिवणारी युनिटं आहेत, अक्कलकोट रोड आणि चिंचोळीची एमआयडीसी आहे, जिल्हाभर साखर कारखाने आहेत. शिकलेली पोरं सकाळची हुतात्मा एक्सप्रेस धरून पुण्याला जातात ते वेगळंच, त्यामुळे हाताशी असलेला चांगला माणूस टिकवायचा कसा हा प्रश्न इथल्या मालकाला रोजचा आहे, फक्त त्याला तो एचआरचा प्रश्न वाटत नाही एवढंच.

बोनस म्हणजे बक्षीस नव्हे

सगळ्यात मोठा गोंधळ इथं होतो. भारतात बोनसची सुरुवात कापड गिरण्यांतूनच झाली, पहिल्या महायुद्धात 1917 साली काही गिरण्यांनी पगाराच्या 10 टक्के वॉर बोनस दिला आणि तिथून ती प्रथा पडली. पुढं भांडणं, कोर्टकज्जे, आयोग असं सगळं होऊन 1965 चा बोनस कायदा आला, त्यात कमीत कमी 4 टक्के आणि जास्तीत जास्त 20 टक्के असे आकडे ठरले, कमीत कमीचा आकडा पुढं दुरुस्ती होऊन 8.33 टक्के झाला, 2019 च्या वेतन संहितेतही 8.33 आणि 20 हेच आहेत. 8.33 म्हणजे वर्षाच्या पगाराचा बारावा हिस्सा, सरळ एक महिन्याचा पगार. जिथं हा कायदा लागू आहे तिथं बोनस हा कामगाराचा हक्क आहे, मालकाची मेहेरबानी नाही. तरी दरवर्षी दिवाळीच्या तोंडावर मालकाला वाटतं मी दिलं आणि कामगाराला वाटतं माझंच होतं ते मिळालं, दोघंही मनातून थोडे नाराज, आणि त्या पैशाचा पुढच्या कामावर काही परिणाम दिसला नाही की मग 'कितीही करा यांना त्याचं काही नाही' असं बोललं जातं. जे सगळ्यांना, दरवर्षी, ठरलेल्या दिवशी मिळतं त्याला कौतुक कसं म्हणायचं, तो पगाराचाच भाग झाला.

चादरवाल्याला चादर

सोलापुरी चादरीला जीआय मानांकन, म्हणजे ही वस्तू याच गावची असा सरकारी शिक्का, आहे, टेरी टॉवेललाही आहे, आणि गावात कुठलाही सत्कार असो, पाहुण्याच्या खांद्यावर हमखास एक चादर पडतेच. बाहेरच्या माणसाला त्याचं अप्रूप असतं, पण जो माणूस दिवसाचे बारा तास मागावर उभा राहून चादरच काढतो त्यालाही स्टेजवर बोलावून चादरच द्यायची? ही गोष्ट इथं सर्रास होते. तो ती हसून घेतो, फोटो निघतो, आणि शेडमधे आल्यावर 'अण्णा, काय मिळालं?' 'काय मिळणार, मीच काढलेली दिली की' असा संवाद होतो. देणाऱ्याची नियत वाईट नसते, फक्त घेणाऱ्याच्या घरात काय आहे आणि काय नाही हे कुणी विचारलेलं नसतं.

याच कामगाराला जून महिन्यात पोरांच्या वह्या-पुस्तकांचा आणि फीचा खर्च येतो, बऱ्याच जणांच्या अंगावर मालकाची उचल असते आणि ती आठवड्याच्या पगारातून कापली जाते. त्याला विचारलं तर तो सांगेल, चादर नको, या महिन्यात उचलीची कापणी थांबवा. काहीजण गड्ड्याच्या यात्रेला म्हणजे संक्रांतीच्या सिद्धेश्वर यात्रेला दोन दिवस भरपगारी सुट्टी मागतील, पद्मशाली म्हणजे तेलुगू विणकर समाजाचे कामगार नारळी पौर्णिमेला मार्कंडेय महाराजांच्या रथासाठी मागतील, रमजानमधे कुणी शिफ्ट बदलून मागेल. यात मालकाचा खर्च चादरीइतकाच, कधी कधी त्याहून कमी.

पैसे की वस्तू

यावर जर्मनीत एक चांगला प्रयोग झालाय, कुबे, मारेशाल आणि पुप्पे या तिघांनी केलेला आणि 2012 मधे छापून आलेला. लायब्ररीतल्या पुस्तकांची यादी कॉम्प्युटरवर चढवायचं थोड्या तासांचं काम होतं, काहींना ठरलेल्या मजुरीवर न सांगता थोडे जादा पैसे दिले, काहींना तेवढ्याच किमतीचा थर्मास छान गुंडाळून दिला. पैसेवाल्यांचं काम फारसं वाढलं नाही, थर्मासवाल्यांचं चांगलंच वाढलं, वस्तूची किंमत सांगून टाकली तरी फरक पडला नाही. मग नोटांची घडी घालून, कागदाच्या कलाकुसरीसारखं सजवून पैसे दिले तेव्हा मात्र पैशानंही काम वाढलं, म्हणजे मुद्दा वस्तूचा नव्हता, देणाऱ्यानं आपल्यासाठी वेळ घातला हे दिसण्याचा होता. आणि सगळ्यात कामाची गोष्ट ही, की एका गटाला थर्मास हवा की पैसे असं विचारलं, तर बहुतेकांनी पैसेच घेतले आणि तरीही काम वाढलेलंच राहिलं.

आता हे वाचून कुणी सगळ्या शेडला थर्मास वाटायला निघू नये. ते काम तात्पुरतं होतं, त्या लोकांचं घर त्या पैशावर चालत नव्हतं. ज्याचा पगारच पुरत नाही त्याला वस्तू म्हणजे चेष्टा वाटू शकते. हर्झबर्ग नावाच्या मानसशास्त्रज्ञानं 1959 मधे मांडलं होतं की पगार, कामाची जागा, वरिष्ठांची वागणूक या गोष्टी खराब असल्या की माणूस नाराज होतो, पण त्या ठीक केल्या म्हणून तो लगेच झपाटून काम करायला लागतो असं नाही, झपाटणं येतं ते कामातून, जबाबदारीतून आणि ओळख मिळण्यातून. त्याच्या या विभागणीवर नंतर टीका बरीच झाली, पण सोलापूरच्या मे महिन्यात 43 अंशाला पत्र्याच्या शेडमधे उभं राहिलं की ती पटायला लागते. आधी एक्झॉस्ट फॅन, थंड पाणी आणि बायकांसाठी धड बाथरूम, 'महिन्याचा उत्कृष्ट कामगार' हा फोटो नंतर लावा.

हजेरी बक्षिसाची भानगड

गारमेंट युनिटमधे हजेरी बोनस फार लोकप्रिय आहे, महिनाभर खाडा नाही तर इतके रुपये जादा. सोपं आहे, रजिस्टर बघितलं की झालं, म्हणूनच लोकप्रिय आहे. अमेरिकेतल्या एका लाँड्री कंपनीत असंच बक्षीस सुरू केलं होतं, त्याचा अभ्यास गबलर, लार्किन आणि पिअर्स यांनी 2016 मधे छापला. लोक वेळेवर यायला लागले हे खरं, पण काहीजण बक्षिसापुरतेच वेळेवर यायचे आणि पात्रता गेली की पुन्हा पहिल्यासारखे. खरं नुकसान वेगळीकडेच झालं, ज्या बायका-माणसं आधीपासून बिनबोभाट वेळेवर येत होती त्यांचंच काम मंदावलं. वर्षानुवर्षं आपण येतोय त्याची कुणी दखल घेतली नाही आणि आता उशिरा येणाऱ्यांना सुधारल्याबद्दल बक्षीस, हे त्यांना लागलं असणार, कुणालाही लागेल. शिवाय खाडा म्हणजे नेहमी आळस नसतो, पोरगं तापानं फणफणलेलं असतं, आणि एक खाडा पडला की महिन्याचं बक्षीस गेलंच, मग उरलेल्या दिवसांत कशाला धावपळ करा.

स्टीव्हन केर यांनी 1975 च्या एका लेखात हेच दाखवलं होतं, की संस्था एका गोष्टीची अपेक्षा ठेवतात आणि बक्षीस भलत्याच गोष्टीला देतात. नगावर शिवणाऱ्या युनिटमधे हे उघड दिसतं. पैसा पीसवर, म्हणजे जितके पीस तितका पैसा, आणि तक्रार काय तर शिलाई सुटते. नवीन पोरगी आली की तिला ओव्हरलॉक (कापडाच्या कडा शिवायचं मशीन) शिकवायला जुन्या अक्कानं अर्धा दिवस घालवला तर अक्काचेच पीस कमी होतात. असं असताना कोण कशाला शिकवेल? नगावरच्या कामात जे मोजलं जातं त्याचा पैसा आधीच मिळालेला असतो, म्हणून बक्षीस द्यायचं तर जे मोजलं जात नाही त्याला द्यावं, शिकवणारी अक्का, बंद पडलेला माग जेवण सोडून चालू करून देणारा जॉबर म्हणजे माग दुरुस्त करणारा, चूक आधीच दाखवून कापड वाचवणारा कटिंग मास्टर. आणि देताना नेमकं काय केलं ते बोलावं, 'चांगलं काम केलं' एवढंच म्हटलं तर शेजारचा म्हणतो मग आम्ही काय वाईट केलं.

घरच्या युनिटमधे आणखी एक अडचण, बक्षीस दरवेळी मालकाच्या पाहुण्यातल्याच पोराला. त्यावर उपाय म्हणून मग पाळीपाळीनं सगळ्यांना, त्यात तर काहीच अर्थ उरत नाही. निवड कामगारांनाच करायला लावली तर थोडं बरं चालतं, कोण खरं राबतं हे त्यांना पक्कं माहीत असतं. स्टेजवर बोलावणंही सगळ्यांना आवडतं असं नाही, काही बायकांना माईकसमोर उभं राहणं शिक्षा वाटते, त्यांना मालकानं स्वतः मशीनपाशी येऊन दोन शब्द बोललेलं पुरतं.

बाहेरचे पुरस्कार

महाराष्ट्र कामगार कल्याण मंडळाचा गुणवंत कामगार पुरस्कार आहे, केंद्राचे श्रमरत्न, श्रमभूषण असे पुरस्कार आहेत, एसटीत विनाअपघात सेवा केलेल्या ड्रायव्हरचे सत्कार होतात. एसटीचा प्रकार त्यातल्या त्यात चांगला, कारण अपघात न होणं ही एरवी कुणाच्या लक्षात न येणारी गोष्ट तिथं मोजली जाते.

बिडी वळणाऱ्या बायका मात्र या सगळ्याच्या बाहेर राहतात. काम घरी, हिशोब हजार बिड्यांवर, मालकाशी संबंध फक्त ब्रँचवर पानं-तंबाखू घेताना आणि माल देताना. त्यांच्यातल्या बऱ्याच जणींना कुंभारीला गोदूताई परुळेकर वसाहतीत 2006 मधे घरं मिळाली, पण ती संघटनेच्या लढ्यातून आणि सरकारी योजनेतून, कारखानदाराच्या बक्षिसातून नाही. ब्रँचवर चेकर माल तपासतो आणि पसंत न पडलेल्या बिड्या बाजूला काढतो, त्याला छाट म्हणतात, छाट जास्त निघाली की मजुरी तेवढी गेली. या बायकांना शाबासकी कशात वाटेल असं विचारलं तर ट्रॉफीचं नाव कुणी घेणार नाही, छाट तिच्यासमोर मोजावी, का काढली ते दाखवावं, आणि जिचा माल कायम चांगला असतो तिला उन्हात रांगेत ताटकळत ठेवू नये.