शिवारातले हवामान-अभ्यास आणि संमतीची सही : पार्श्वभूमी

बेळगाव-खानापूर भागात मोठ्या पावसानंतर कुणी टॅब घेऊन बांधावर उभा राहिला, की शेतकरी आधी विचारतो, "पंचनाम्याला आलाय काय?" ऑगस्ट २०१९ चा महापूर पाहिलेल्या चिकोडी-निपाणीकडे तर हमखास. आलेला माणूस अभ्यासासाठी आलेला असतो. पण "पुढं होईल काहीतरी" म्हणून तो विषय टाळतो आणि पेरणीची तारीख, गुंठे, मोबाइल नंबर, जमल्यास उतारासुद्धा घेतो. खाली सही. भरपाईच्या आशेवर मिळालेल्या या सहीला संमती म्हणणं मला पटत नाही.

हा घोळ जुना आहे. शाही कृषी आयोगाच्या १९२८ च्या अहवालानंतर, १९३२ मध्ये हवामान खात्याने पुण्यात कृषी हवामान विभाग काढला. बेळगाव जिल्हा तेव्हा मुंबई इलाख्यातच होता. अभ्यास पिकाचा, मातीचा, पावसाचा. ज्वारीच्या ताटाला काय विचारायचं? त्यामुळे शेतकऱ्याची परवानगी म्हणजे वावरात पाऊल टाकण्यापुरतीच, तीही तोंडी.

माहिती देऊन संमती घ्यायचा दंडक आला तो दवाखान्यातून. कैद्यांवर संमतीविना प्रयोग करणाऱ्या नाझी डॉक्टरांवरच्या खटल्यातून १९४७ ची न्यूरेम्बर्ग संहिता निघाली, १९६४ मध्ये हेलसिंकी जाहीरनामा आला. आपल्याकडे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २००० मध्ये मार्गदर्शक तत्त्वं दिली, २०१७ मध्ये ती नव्याने मांडली. पण त्यांचा रोख जैववैद्यकीय आणि आरोग्य संशोधनावर. बांधावरची प्रश्नावली त्या चौकटीबाहेर राहिली.

खरा फरक पडला २००७ मध्ये. हवामानावर आधारित पीक विमा योजनेचा प्रयोग त्या खरिपात कर्नाटकातच सुरू झाला. नुकसान शेतात बघायचं नाही, हवामान केंद्रावर नोंदलेल्या पावसावरून भरपाई ठरवायची. पर्जन्यमापकाचा आकडा म्हणजे थेट पैसा झाला. कणकुंबीला धो धो पाऊस आणि खानापूरच्या पूर्वेला जेमतेम, अशा तालुक्यात मापक कुणाच्या शिवारात बसवायचा हा प्रश्न निव्वळ शास्त्राचा उरत नाही. आपल्या शेतातला आकडा कुठे जाणार, हे जागा देणाऱ्याला आधी सांगायला हवं.

त्यात भाषेची अडचण. अर्ज कानडीत नाहीतर इंग्रजीत, आणि मराठीत समजावणार तो विचारणाराच, त्याला जमेल तसं. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात संमतीची सूचना संविधानाच्या आठव्या अनुसूचीतल्या कोणत्याही भाषेत मिळण्याची तरतूद आहे, म्हणजे मराठीतही. मात्र कलम १७ मध्ये संशोधनाला सूट आहे. तिला एक अट महत्त्वाची : त्या माहितीवरून त्याच व्यक्तीबाबत निर्णय घेता येणार नाही. अभ्यासात सांगितलेली पेरणीची तारीख उद्या त्याच शेतकऱ्याचा विमा-दावा फेटाळायला वापरली, तर ही सूट लागू होत नाही.