‘नेपाळ दर्शन’ आणि ‘भूतान दर्शन’: एका दिवसाच्या दोन वेगळ्या फेऱ्या

दिवाळीनंतर जळगाव-धुळ्याकडून निघणाऱ्या यात्रांच्या पत्रकांवर दोन ओळी हमखास दिसतात. काशी-अयोध्या यात्रेच्या पत्रकावर ‘एक दिवस नेपाळ दर्शन’ आणि दार्जिलिंग-डुआर्सच्या सहलीवर ‘एक दिवस भूतान दर्शन’. दोन्हींखाली ‘पासपोर्ट लागत नाही’ असेही छापलेले असते. मग दोन्ही फेऱ्या सारख्याच, असा समज होतो आणि घोळाला तिथूनच सुरुवात होते. नेपाळच्या फेरीत अडते ती गाडी, भूतानच्या फेरीत अडतो तो माणूस. तयारी त्या हिशेबाने करावी लागते.

आधी पत्रकावरचे फोटो बाजूला ठेवा. नेपाळ म्हटले की आपल्याकडच्या आजी-आजोबांच्या डोळ्यांपुढे पशुपतिनाथ उभा राहतो. पण सुनौलीच्या सीमेवरून काठमांडू अडीचशे किलोमीटरच्या वर आहे, त्यातला बराच रस्ता डोंगरातला. जायलाच अख्खा दिवस लागतो. गोरखपूरहून एका दिवसात जाऊन परत येण्यासारखे ठिकाण म्हणजे लुंबिनी, गौतम बुद्धांचे जन्मस्थान. तसेच भूतानचे. कड्याला चिकटलेल्या ज्या मठाचा फोटो छापतात तो पारोजवळ आहे, आणि सीमेवरून थिंफूच दीडशे किलोमीटरच्या आसपास, म्हणजे घाटातून चार-पाच तास. एका दिवसात दिसते ते फक्त सीमेवरचे फुंटशोलिंग गाव. टूरवाल्याकडून हे तोंडी नव्हे, लेखी घ्या.

आता कागदपत्रे. सगळ्यात जास्त माणसे इथेच अडकतात, कारण आधार कार्ड सगळीकडे चालते ही आपली सवय. नेपाळला जायला भारतीयांना पासपोर्टची सक्ती नाही आणि व्हिसाही लागत नाही. मात्र ओळख म्हणून पासपोर्ट किंवा निवडणूक आयोगाचे मतदार कार्ड जवळ हवे. १५ वर्षांखालील मुले आणि ६५ वर्षांवरील ज्येष्ठ यांना सूट आहे. त्यांना वय आणि ओळख पटेल असा फोटोचा कागद पुरतो, आणि त्यात आधार चालते. १५ ते १८ वयाच्या मुलांसाठी शाळेच्या मुख्याध्यापकांचे ठरावीक नमुन्यातले ओळखपत्र घ्यावे. सीमा खुली असल्याने पायी जाणाऱ्या प्रत्येकाचे कार्ड तपासतातच असे नाही. भारताच्या बाजूला सशस्त्र सीमा बलाचे जवान विचारपूस करतात, पिशव्या बघतात आणि सोडतात. म्हणून कार्ड घरी ठेवावे असा अर्थ नव्हे. ज्याला थांबवतील त्याच्यासाठी सगळा गट थांबतो.

भूतानला असे चालत नाही. जयगावात रस्त्याच्या एका बाजूला भारत, दुसऱ्या बाजूला भूतान, मधे रंगीत कमान. कमान वाहनांची. पायी जाणाऱ्यांचा रस्ता वेगळा असून तिथे भूतानच्या इमिग्रेशनचे कर्मचारी एकेकाचे कार्ड हातात घेऊन बघतात. सहा महिने मुदत शिल्लक असलेला पासपोर्ट किंवा मतदार कार्ड, दोन्हीही मूळ. मोबाइलमधला फोटो किंवा झेरॉक्स पुढे करू नका, आणि ज्येष्ठांनीही इथे आधारच्या भरवशावर जाऊ नये. मुलांसाठी जन्मदाखला आणि सोबत आई-वडील हवेत.

मतदार कार्ड आहे, पण त्यावर माहेरचे नाव आणि बाकी सगळ्या कागदांवर सासरचे, ही आपल्याकडच्या बायकांची नेहमीची अडचण. कित्येकांच्या जुन्या कार्डावरचा काळा-पांढरा फोटो इतका पुसट झालेला असतो की चेहरा ओळखू येत नाही. फॉर्म ८ भरून नाव दुरुस्त होते आणि नवे कार्डही मागता येते, पण त्याला वेळ लागतो. गावातल्या बीएलओला, म्हणजे मतदार यादीचे काम बघणाऱ्या कर्मचाऱ्याला, यात्रा ठरली त्याच आठवड्यात गाठा.

नेपाळच्या फेरीचे गणित वेगळे आहे. गोरखपूर ते सुनौली शंभरेक किलोमीटर, अडीच ते तीन तास. पलीकडे बेलहिया, मग भैरहवा आणि तिथून पश्चिमेला बावीसेक किलोमीटरवर लुंबिनी. सकाळी सहाला निघाल्यास अकराच्या सुमारास पोहोचता येते, पण सुनौलीत गाडी अडकली नाही तर! माल नेणाऱ्या ट्रकांची रांग तिथे फार लांबते. आपली बस पलीकडे न्यायची तर भन्सार, म्हणजे नेपाळी जकातीचा कागद, करावा लागतो. त्याला गाडीची मूळ कागदपत्रे, चालकाचा परवाना आणि दिवसांप्रमाणे शुल्क लागते. गाडीचा एक कागद झेरॉक्स निघाला तरी तास-दोन तास तिथेच जातात. ज्या गटात गुडघ्यांचा फार त्रास असलेले कोणी नाही, त्यांनी बस अलीकडेच ठेवावी, सीमा पायी ओलांडावी आणि बेलहियातून स्थानिक जीप किंवा छोटी बस करावी. भाडे आधी ठरवा, त्यात लुंबिनीतला थांबा किती तासांचा तेही धरा. माणसांसाठी ‘परमिट काढून देतो’ म्हणणारे सीमेवर भेटतात; भारतीय माणसाला असले कुठलेही परमिट लागत नाही.

कापसाचे पैसे हाती आले की आपल्याकडे यात्रा निघतात, आणि नेमके डिसेंबर-जानेवारीतच उत्तर प्रदेशात दाट धुके असते. भुसावळहून गोरखपूरला जाणाऱ्या गाड्या त्या दिवसांत तासन्‌तास उशिरा पोहोचतात. गाडी उशिरा पोहोचली की पहिली काट लुंबिनीवर बसते. सुनौलीच्या कमानीखाली फोटो काढून ‘नेपाळ झाले’ म्हणतात. गोरखपूरला पोहोचण्याचा दिवस आणि नेपाळचा दिवस यांत एक मुक्काम मोकळा ठेवा. जमल्यास सहल फेब्रुवारीत ढकला.

एवढी धडपड करावी असे लुंबिनीत आहे. मायादेवी मंदिरात बुद्धांच्या जन्माची जागा दाखवणारा दगड काचेखाली जपलेला आहे, आणि बाहेर अशोकाचा स्तंभ. सम्राटाने राज्याभिषेकानंतर विसाव्या वर्षी इथे येऊन या गावाचा कर माफ केला आणि धान्याचा वाटा आठव्या भागावर आणला, हे त्या स्तंभावरच कोरलेले आहे. बोधगया, सारनाथ, कुशीनगर आणि लुंबिनी या चार स्थानांपैकी भारताबाहेरचे एवढेच. भुसावळ-जळगावकडच्या बौद्ध कुटुंबांसाठी ही जोडफेरी नव्हे, यात्रेचा मुख्य दिवस आहे. त्यांनी इथे किमान तीन तास हट्टाने मागून घ्यावेत. गाड्या बरेच अलीकडे थांबतात, पुढे पायी किंवा ई-रिक्षाने जावे लागते. मंदिरात चपला बाहेर काढाव्या लागतात. एप्रिल-मेमध्ये विटांची वाट इतकी तापते की जाड मोजे जवळ हवेतच. आत फोटो काढू देत नाहीत. तिकिटाला भारतासह सार्क (दक्षिण आशियाई) देशांचा दर वेगळा आहे, तो मागून घ्या.

फुंटशोलिंगचे तसे नाही. मुक्काम डुआर्समधल्या जलदापाड्याच्या जंगलाकडे असेल तर तासाभरात जयगाव येते. झांग्तो पेल्री मंदिर, मगरींचे छोटे केंद्र, बाजार आणि जेवण धरून तीन तास खूप झाले. गंगटोक किंवा दार्जिलिंगहून एवढ्यासाठी जाणे-येणे करायला लावणारा कार्यक्रम घेऊ नये. दिवस गाडीतच संपतो. उंची सुमारे ३०० मीटर, त्यामुळे जाड जर्किनची गरज नसते. मंदिरात टोपी काढा, प्रदक्षिणा आपल्यासारखीच उजवीकडून. रस्ता झेब्रा पट्ट्यांवरूनच ओलांडा. गाड्या आपणहून थांबतात आणि हॉर्न वाजत नाही, जयगावातून आल्यावर हे फार जाणवते.

भूतान भारतीयांकडून प्रत्येक रात्रीचे माणशी १,२०० रुपये घेते. ६ ते १२ वयाच्या मुलांना ते निम्मे, त्याहून लहानांना माफ. संध्याकाळी परतणाऱ्याला फुंटशोलिंगपुरते हे भरावे लागत नाही. कोणी एका दिवसाच्या फेरीत १,२०० रुपये ‘सरकारी शुल्क’ म्हणून लावले असतील तर पावती मागा. गावापुढे रिंचेंडिंगच्या नाक्यावरून वर जायला रीतसर परवाना लागतो, तो आयत्या वेळी होणार नाही.

पैशांत तर दोन्ही देश अगदी उलटे. भूतानचा नोंगत्रुम आपल्या रुपयाइतकाच, हिशेब करायला नको. पण सुटे नोंगत्रुमात मिळतात आणि जयगावच्या पलीकडे ते कोणी घेत नाही, म्हणून तिथेच संपवा. नेपाळमध्ये १०० भारतीय रुपयांचे १६० नेपाळी होतात. भैरहव्यात भाव विचारला की लगेच ‘आयसी की एनसी?’ हे विचारायचे, म्हणजे भारतीय की नेपाळी. रुद्राक्षाच्या माळेचे ८०० सांगितले आणि ते एनसी असतील तर आपले ५०० द्यायचे. न विचारता ८०० दिले तर ३०० गेले. नेपाळमध्ये मोठ्या भारतीय नोटांवर बरीच वर्षे बंधने राहिली आहेत, त्यामुळे शंभराच्याच नोटा न्या. भीम-यूपीआय भूतानमध्ये २०२१ पासून आणि नेपाळमध्ये २०२४ पासून काही दुकानांत चालते, पण मोबाइलला रेंज असली तर!

घड्याळही सांभाळा. नेपाळ आपल्यापुढे १५ मिनिटे, भूतान ३० मिनिटे. मोबाइलने तिकडचे नेटवर्क पकडले की वेळ आपोआप बदलते. ‘चारला गाडीपाशी’ म्हणताना कुठल्या घड्याळाचे चार, हे गटाला आधी सांगून ठेवा.

घरचे कोणी परदेशी पासपोर्टवर आले असतील तर ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांचे) असूनही वरची एकही सवलत त्यांना मिळत नाही. सुनौलीला त्यांनी भारताच्या इमिग्रेशनमध्ये बाहेर पडल्याचा शिक्का घ्यायचा आणि बेलहियात नेपाळचा व्हिसा काढायचा. वाटेत गर्दीबरोबर चालत पुढे गेले तर परतताना अडचण होते. भूतानसाठी व्हिसाची सोय घरून निघण्याआधीच करावी लागते.