‘लेव्हल १’ म्हणजे सोपं, असं नाही

टेबलटॉप रोल-प्लेइंग (टेबलाभोवती बसून, एकेक पात्र होऊन कथा रंगवण्याचा खेळ) शिकणाऱ्यांना हमखास सांगितलं जातं: खेळण्यासाठी छापलेल्या साहसकथेवर ‘लेव्हल १’ लिहिलंय ना, मग ती नवख्यांसाठीच. चूक. तो आकडा पात्रांची ताकद सांगतो, खेळ चालवणं किती सोपं ते नाही. उलट पहिल्या लेव्हलला पात्रं सर्वांत नाजूक. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या अशाच खेळाच्या २०१४ च्या नियमांत पहिल्या लेव्हलच्या जादूगाराला हिट पॉइंट (किती मार सोसता येतो तो आकडा) ६, वर कॉन्स्टिट्यूशनचा (शरीराच्या चिवटपणाचा) बोनस, तर साध्या गॉब्लिनचा (छोट्या राक्षसाचा) एक नेहमीचा वार ८ पर्यंत जातो. याच खेळाच्या त्याच वर्षीच्या स्टार्टर सेटमधल्या (नवख्यांसाठीच काढलेला, बरं का!) साहसकथेत पहिल्याच चकमकीत चार गॉब्लिन दबा धरून बसलेले. पण पात्रं हरली तर पुढे काय, हेही तिथे लिहिलंय. साहसकथा निवडताना नेमकं तेच शोधा. तयार पात्रं मिळाली तर उत्तमच.