स्टॉकहोम सिंड्रोम

डांबून ठेवलेल्या माणसाला डांबणाऱ्याबद्दलच आपुलकी वाटू लागणे आणि सोडवायला आलेल्यांची भीती वाटणे, या अवस्थेला दिलेले नाव. अपहरण आणि आसक्तीवरच्या थरारकादंबऱ्यांत या अवस्थेला सर्रास प्रेम म्हटले जाते. मूळ घटना नीट पाहिली, तर तिथे जीव वाचवण्याची धडपड दिसते.

२३ ऑगस्ट १९७३ रोजी स्वीडनमधील स्टॉकहोमच्या नॉरमाल्मस्टोर्ग चौकातील बँकेत यान-एरिक ओल्सन हा रजेवर सुटून तुरुंगात न परतलेला कैदी सबमशीनगन घेऊन शिरला. त्याने ३० लाख क्रोनर, गाडी आणि तुरुंगातला साथीदार क्लार्क ओलोफसन यांची मागणी केली. ओलोफसनला पोलिसांनीच आणून दिले. ओलिसांना घेऊन जायला मात्र नकार दिला. पुढे तिजोरीच्या खोलीचे दार पोलिसांनी बाहेरून लावून घेतले आणि तीन स्त्रिया, एक पुरुष दोघा गुन्हेगारांसह आत कोंडले गेले. वरून छताला भोके पाडण्याचे काम चालू होते. अश्रुधूर सोडला तर ओलिसांचा गळफास बसेल, अशी ओल्सनची धमकी होती. म्हणजे आतल्यांच्या दृष्टीने मरण दोन्ही बाजूंनी येणार होते. ओलीस क्रिस्टिन एनमार्क यांनी पंतप्रधान ओलोफ पाल्मे यांना फोनवर सांगितले होते : भीती पोलिसांच्या हल्ल्याची वाटते.

आपुलकी कशी रुजते, हे दोराच्या प्रसंगातून कळते. पोलिसांनी दार लावण्याआधी तिजोरीच्या खोलीत एकीचा जीव घुसमटू लागला, तेव्हा ओल्सनने गळ्यात लांब दोर बांधून तिला खोलीबाहेर फिरू दिले. तेवढ्यानेही तिला तो दयाळू वाटला. खाणे, बोलणे, शौचाला जाणे सगळेच दुसऱ्याच्या परवानगीवर आले की माणूस तान्ह्या मुलासारखा परावलंबी होतो. जीव घेऊ शकणाऱ्याने तो घेतला नाही, हेच उपकार वाटू लागतात. मृत्यूची खरी धमकी, बाहेरच्या जगाशी तुटलेला संपर्क, पळायला वाव नसणे आणि अधूनमधून मिळणारी बारीकशी माया, हे सारे एकत्र आले की ही अवस्था येऊ शकते. सतत मारहाण करणाऱ्याबद्दल ती सहसा निर्माण होत नाही.

२८ ऑगस्टला अश्रुधूर सोडल्यावर दोघे शरण आले. ओलीस आधी बाहेर यायला तयार नव्हते. आपण गेल्यावर पोलीस त्या दोघांना गोळ्या घालतील, ही ओलिसांची शंका होती.

पोलिसांचे सल्लागार मनोविकारतज्ज्ञ निल्स बेयेरोट यांनी या वागण्याला ‘नॉरमाल्मस्टोर्ग सिंड्रोम’ म्हटले. देशाबाहेर ते शहराच्या नावाने रूढ झाले. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या निदान-पुस्तिकेत हा विकार म्हणून कधीच नोंदला गेला नाही. आपले म्हणणे आजार ठरवून बाजूला सारले गेले, असा एनमार्क यांचा आक्षेप होता आणि तो रास्त आहे.

वाटाघाटी करणारे पोलीस मात्र या जवळिकीचा उपयोग करून घेतात. ओलिसांची नावे मुद्दाम वारंवार उच्चारायची, जेवण एकत्र बनवून खावे लागेल असे आत पाठवायचे आणि वेळ काढायचा. ओळख झालेल्या माणसावर गोळी झाडणे जड जाते. याची दुसरी बाजूही ते विसरत नाहीत : आतून ओलीस देत असलेली माहिती पारखल्याशिवाय ते तिच्यावर विसंबत नाहीत.